आधी वही, मग पायथॉन, मग पुन्हा वही

पत्र:

मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. गाव राधानगरी तालुक्यात. इथं राजारामपुरीत आम्ही तिघी मैत्रिणी खोली घेऊन राहतो. आमचे आजोबा रात्री जेवणं झाली की कोडी घालायचे. वाघ-शेळी-गवत, आठ लिटरच्या कॅनमधलं दूध निम्मं करायचं, असली. मला त्याचा नादच लागला. सुट्टीत पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा क्लास केला. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), लिस्ट, फंक्शन समजतं, सरांचा प्रोग्रॅम वाचला की कळतो. पण कोडं समोर ठेवून स्वतः लिहायला बसले की स्क्रीन कोरीच राहते. वर्गातला एक मुलगा दहा मिनिटांत उत्तर काढून दाखवतो. क्लासमध्ये सांगतात, कोडी म्हणजे टाइमपास, आधी भाषा पक्की कर, प्रोजेक्ट कर. वडील पुढच्या कोर्सची फी भरायला तयार आहेत, पण आमच्या घराला ती रक्कम मोठी आहे. शिवाय एआयला विचारलं तर उत्तर आणि प्रोग्रॅम दोन्ही लगेच मिळतं. मग मी नेमकं शिकू काय? कोडी सोडू का?

– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर:

प्रिय विद्यार्थिनी,

कोडी सोडू नकोस. पायथॉनही सोडू नकोस. दोन्ही एकदमच शिक, फक्त कुठलं काम कुणाकडं द्यायचं ते नीट ठरवून घे.

सरांचा प्रोग्रॅम कळतो आणि स्वतःचा सुचत नाही, असं तू लिहिलंयस. गणित शिकवताना हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. फळ्यावरची सिद्धता कळते, सरावाचं उदाहरण सुटत नाही. मग मुलांना वाटतं आपल्याला डोकंच नाही, आणि क्लासवाल्यांना वाटतं भाषा कच्ची आहे. तुझ्या बाबतीत दोन्ही खरं नाही. तुला लूप येतो, इफ येतं, फंक्शन लिहिता येतं. आजोबांच्या कोड्यांना याहून जास्त भाषा लागत नाही. तुझं अडतंय ते कोडं आणि प्रोग्रॅम यांच्या मधल्या पायरीवर. गोष्टीतलं काय ठेवायचं, काय टाकून द्यायचं आणि ठेवलेलं आकड्यांत कसं लिहायचं, ते या पायरीवर ठरतं. शिकवणारा माणूस ही पायरी मनातल्या मनात ओलांडून येतो आणि थेट पहिली ओळ टाईप करतो, म्हणून वर्गात ती दिसतच नाही. ती वहीतच चढावी लागते. तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेव आणि वाघ-शेळी-गवत घे.

शेतकऱ्याबरोबर नावेत एकच जण मावतो. शेतकरी जवळ नसेल तर वाघ शेळीला खातो आणि शेळी गवत खाते. उत्तर तुला पाठ असेल, ते क्षणभर विसर. खेळ आत्ता कुठवर आलाय हे फोनवरून मैत्रिणीला सांगायचं असेल तर कमीत कमी काय सांगावं लागेल, एवढाच विचार कर. नदी किती रुंद, नाव लाकडाची की पत्र्याची, याची काही गरज नाही. चौघांपैकी कोण अलीकडं आणि कोण पलीकडं, एवढं पुरे. अलीकडं म्हणजे ०, पलीकडं म्हणजे १. शेतकरी, वाघ, शेळी, गवत या क्रमानं चार आकडे लिहायचे. सुरुवात ००००, शेवट ११११. शेतकरी शेळीला घेऊन पलीकडं गेला की १०१०.

चार जागा आणि प्रत्येकीला दोन शक्यता, म्हणजे एकूण १६ स्थिती. ज्यांत कुणीतरी कुणाला खाईल त्या खोडून टाक. सहा जातात, दहा उरतात. या दहा स्थिती पानावर पसरून लिही आणि एका फेरीत जिथून जिथं जाता येतं तिथं रेघ मार. सगळं कोडं त्या चित्रात येतं. सुरुवातीला एकच वाट आहे, मधे तिचे दोन फाटे होतात, पुन्हा एक होतात आणि सात फेऱ्यांत ११११ ला पोचतात. फाटे कुठं फुटतात? शेळीला सोडून शेतकरी एकटा परत आल्यावर. तिथं आधी वाघ न्या नाहीतर आधी गवत न्या, दोन्ही चालतं. लहानपणी आपण यातलं एकच उत्तर पाठ करतो. ती दोन आहेत आणि तिसरं नाही, हे चित्र काढल्यावरच कळतं.

आता लॅपटॉप उघड. पण पहिल्या ओळी मराठीत लिही. ओळीच्या आरंभी हॅशचं चिन्ह असलं की पायथॉन ती ओळ वाचत नाही, त्यामुळं तिथं तुला हवं ते लिहिता येतं. सगळ्या स्थिती तयार करा. धोक्याच्या गाळा. आत्ताच्या स्थितीवरून कुठं कुठं जाता येतं ते काढा. जिथं आधी जाऊन आलो तिथं पुन्हा जाऊ नका. शेवट आला की थांबा. यातल्या प्रत्येक वाक्याखाली पायथॉनच्या दोन-चार ओळी येतील. एखाद्या वाक्याखाली काहीच सुचलं नाही तर ते वाक्य अजून मोठं आहे असं समज आणि त्याचे दोन तुकडे कर. कोऱ्या स्क्रीनवर मला माहीत असलेला हाच उपाय आहे आणि तो चालतो.

शोधताना स्थिती रांगेत लाव. आधी एका फेरीत पोचता येणाऱ्या, मग दोन फेऱ्यांत पोचता येणाऱ्या, असं. या क्रमानं गेलीस की शेवट पहिल्यांदा सापडतो तोच सर्वांत कमी फेऱ्यांचा रस्ता. याला ब्रेड्थ-फर्स्ट सर्च म्हणतात. डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकात कधी हे नाव आलं तर ते तुझ्या ओळखीचं असेल.

हा प्रोग्रॅम पुसू नकोस, कारण आजोबांचं दूधही त्यातच निम्मं होतं. आठ लिटरचा भरलेला कॅन, पाच आणि तीन लिटरची रिकामी मापं, दूध चार-चार लिटर करायचं. इथं स्थिती म्हणजे तीन आकडे: ८, ०, ० पासून ४, ४, ० पर्यंत. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना एकतर पहिलं रिकामं होतं नाहीतर दुसरं भरतं. स्थिती अशा लिही, ‘कुठं कुठं जाता येतं’ हा भाग बदल, धोक्याच्या गाळायची पायरी काढून टाक; शोधायची रीत जशीच्या तशी. सात वेळा ओतून काम होतं, त्याहून कमी वेळांत होत नाही. एक कोडं नदीचं, दुसरं दुधाचं, आणि प्रोग्रॅम एकच. क्लासमध्ये ज्याला टाइमपास म्हणतात ते हे. मोबाईलच्या नकाशावर जवळचा रस्ता शोधून देणाऱ्या पद्धती याच विचाराच्या पुढच्या पायऱ्यांवर उभ्या आहेत.

आता थोडं जोर देऊन सांगते. प्रोग्रॅम जमायला लागला की वही मिटून टाकायचा मोह होतो. तुझ्या वर्गातला मुलगा बहुधा तिथंच आहे. त्यासाठी भास्कराचार्यांचं एक कोडं देते. त्यांचा जन्म १११४ चा, ‘लीलावती’ ११५० ची, आणि हे उदाहरण त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं. द्रम्म म्हणजे तेव्हाचं नाणं. तीन द्रम्मांना पाच पारवे, पाच द्रम्मांना सात सारस, सात द्रम्मांना नऊ हंस, नऊ द्रम्मांना तीन मोर. शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायचे. पक्षी सुटे मिळत नाहीत, वाट्यानंच घ्यायचे, आणि चारही जातींचे हवेत असं आपण धरू.

सरळ मार्ग म्हणजे एकात एक चार लूप, प्रत्येक १ ते १००. म्हणजे शंभराचा चौथा घात, १० कोटी तपासण्या. पायथॉन हे करेल, पण तुला वाट पाहावी लागेल. टाईप करण्याआधी थोडा विचार केला तर? पारव्यांचे वाटे वीसच्या वर जाऊच शकत नाहीत, कारण वीस वाट्यांतच शंभर पक्षी होतात. तसंच सारसांचे जास्तीत जास्त १४, हंसांचे ११. मोर महाग, त्यांना पैशांची मर्यादा लागते, तेही ११. आता तपासण्या राहिल्या २० × १४ × ११ × ११, म्हणजे ३३,८८०. एंटर दाबताच उत्तर.

इथं थांबू नकोस. पारव्यांचे वाटे क, सारसांचे ख, हंसांचे ग आणि मोरांचे घ मान. पक्ष्यांचा हिशोब ५क + ७ख + ९ग + ३घ = १००. पैशांचा हिशोब ३क + ५ख + ७ग + ९घ = १००. एकातून दुसरं वजा केलं की २क + २ख + २ग = ६घ, म्हणजे क + ख + ग = ३घ. मोरांचे वाटे बाकीच्या सगळ्या वाट्यांच्या बरोबर एक तृतीयांश असलेच पाहिजेत. कोड्यात हे कुठंही लिहिलेलं नाही आणि लूप लाख वेळा फिरवला तरी तो हे सांगणार नाही. आता पहिल्या समीकरणात ३घ च्या जागी क + ख + ग लिही आणि निम्मं कर: ३क + ४ख + ५ग = ५०. चौथा लूप गेलाच. उरलेलं काम इतकं लहान आहे की ते हातानं होतं. ग ला १, २, ३ अशा किमती देत जा, क आणि ख च्या जोड्या लिही, आणि क + ख + ग ला तीननं पूर्ण भाग जातो त्या जोड्या ठेव.

सहा उत्तरं निघतात. एक मी देते: पारव्यांचे ११ वाटे, सारसांचे ३, हंसांचा १ आणि मोरांचे ५. पक्षी झाले ५५, २१, ९ आणि १५. पैसे झाले ३३, १५, ७ आणि ४५. दोन्ही बेरजा शंभर. बाकीची पाच तू काढ, मग प्रोग्रॅम चालव. त्यानं सहाऐवजी नऊ दाखवली तर घाबरू नकोस. लूप १ ऐवजी ० पासून सुरू झालेत आणि एखादी जात अजिबात न घेण्याची मुभा तू न कळत दिली आहेस, एवढाच त्याचा अर्थ. चूक पायथॉनची नसते, प्रश्न बदललेला असतो. सहा आणि नऊ यांतला फरक शोधायला तुला अर्धा तास लागला तर तो अर्धा तास सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

वर्गातल्या त्या मुलाशी शर्यत लावू नकोस. त्याला बोलाव, शेजारी बसव. तो लिहू दे आणि तू ‘सहाच का, सातवं का नाही’ असं विचारत राहा. त्याच्यापाशी वेग आहे, तुझ्यापाशी तासभर वहीत बसायची चिकाटी आहे. दोघांचंही काम होईल.

हे सगळं शिकायला फार मोठी पदवी लागते असं वाटत असेल तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं नाव लक्षात ठेव. १९०५ ते १९८६ हा त्यांचा काळ. देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते आणि संगणकाशिवाय, कागदावर, संख्यांशी खेळत राहिले. १९४९ साली त्यांना जे सापडलं ते आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून शिकवतात. कुठलीही चार अंकी संख्या घे, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या कर, चढत्या क्रमानं लावून लहान कर, वजाबाकी कर, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच कर. शेवटी ६१७४ येते आणि तिथंच राहते. शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेचं साल १९६२ घेऊन बघ: ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांतच पोचलो. केएमटीच्या बसथांब्यावर उभी असशील तेव्हा समोरून जाणाऱ्या एमएच ०९ गाड्यांचे चार आकडे आहेतच, त्यांवर तोंडी सराव कर.

याचा प्रोग्रॅम लिहायला सोपा आहे आणि त्यात एक छान फसगत आहे. १००० घेतलंस की पहिल्या वजाबाकीनंतर ९९९ येतं. वहीत तू ते ०९९९ असंच धरशील, कारण आपण चार अंकांचा खेळ खेळतोय. पायथॉनला मात्र ते तीन अंकी वाटतं. तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि तुझ्या हातात शून्य ठेवतो. प्रत्येक फेरीत पुढं शून्य भरून चार अंक पुरे करायला सांग, म्हणजे १००० सुद्धा पाच पायऱ्यांत ६१७४ ला पोचेल. मग १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या तपास. ९००० संख्या, त्यांतल्या सारख्या अंकांच्या नऊ सोडल्या तर ८९९१. कुणालाही सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत हे यंत्र दाखवेल.

पण ‘का’ हे राहिलंच. उतरत्या क्रमानं लावलेले अंक अ, ब, क, ड मान. वजाबाकी मांडलीस की ती ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी निघते. म्हणजे चार अंक कुठलेही असोत, पहिल्या पायरीनंतर फक्त दोन फरकांना महत्त्व उरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकाइतका. मोजलंस तर एकूण ५४ शक्यता. ८९९१ संख्यांची गर्दी एका वजाबाकीत ५४ वर येते, आणि ५४ तर सुट्टीच्या दुपारी हातानंही तपासता येतात. पक्ष्यांच्या कोड्यात झालं तेच इथं झालं. आधी थोडं हातानं करून बघायचं, मग यंत्राला सगळं तपासू द्यायचं, आणि यंत्रानं जे दाखवलं त्याचं कारण शोधायला परत वहीकडं यायचं. मला तुला सांगायचंय ते इतकंच, आणि कुठलंही नवं कोडं हातात आलं तरी क्रम हाच ठेव.

खऱ्या-खोट्याची कोडी मात्र पायथॉनकडं नेण्याची घाई करू नकोस, ती डोक्यातच गोड लागतात. तिघे आहेत. पहिला म्हणतो, दुसरा खोटारडा. दुसरा म्हणतो, तिसरा खोटारडा. तिसरा म्हणतो, पहिले दोघेही खोटारडे. प्रत्येक जण एकतर नेहमी खरं बोलतो नाहीतर नेहमी खोटं. सोडवून झालं की प्रोग्रॅम लिही. आठच शक्यता आहेत, आणि सगळी मेख एका तुलनेत आहे: माणूस खरा असणं आणि त्याचं वाक्य खरं असणं या दोन गोष्टी बरोबरच्या असल्या पाहिजेत. तिन्ही माणसांसाठी ही तुलना जुळते अशी शक्यता एकच सापडते.

तू राधानगरीची, म्हणून तुला एक घरचं काम देते. पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. पंचगंगेची तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी दिली की ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ सांगणारा प्रोग्रॅम लिही. पाच ओळींचं काम वाटतं ना? बहुतेक जण आधी लिहितात: पातळी ३९ किंवा जास्त असेल तर इशारा. नाहीतर, ४३ किंवा जास्त असेल तर धोका. आता पाणी ४५ फुटांवर गेलं तरी हा प्रोग्रॅम ‘इशारा’ म्हणूनच थांबेल, कारण ४५ हे ३९ पेक्षा जास्त आहेच आणि दुसऱ्या अटीपर्यंत तो जातच नाही. अटींचा क्रम उलटा हवा. शिवाय पातळी फूट आणि इंचांत येते. ४१ फूट ५ इंच हे कुणी ४१.५ लिहिलं आणि ४१ फूट ११ इंच हे ४१.११, तर चढलेलं पाणी प्रोग्रॅमला उतरलेलं दिसेल. सगळं इंचांत कर: ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६, आणि ४१ फूट ५ इंच म्हणजे ४९७. पुराच्या दिवसांत अशी चूक किती महागात पडेल ते तुला सांगायला नको. कोड्यांनी लागलेली बारकाईची सवय उपयोगी पडते ती अशा ठिकाणी.

क्लासवाल्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. नुसत्या कोड्यांवर नोकरी मिळत नाही. फाईल वाचणं, डेटा स्वच्छ करणं, दुसऱ्यानं लिहिलेला मोठा कोड समजून त्यात भर घालणं, हे पुढं शिकावंच लागेल. पण त्यासाठी कोडी सोडावी लागत नाहीत. येत्या पावसाळ्यात वर्तमानपत्रातल्या पातळ्या रोज एका फाईलमध्ये लिहून ठेव, पावसाचे आकडेही ठेव, आणि हंगाम संपल्यावर आलेख काढ. हा प्रोजेक्ट तुझा स्वतःचा असेल. मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण तुला सांगता येईल, आणि विचारणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं.

एआयबद्दल. विचारू नकोस असं मी म्हणणार नाही, कधी विचारायचं ते सांगते. कोड्याची लहान आवृत्ती वहीत सुटल्याशिवाय त्याच्याकडं जाऊ नकोस. शंभर पक्ष्यांचं अवघड वाटलं तर आधी दोनच जाती घे, छोटी संख्या घे. मग स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याला दाखव, चूक कुठल्या भागात आहे एवढाच इशारा माग आणि दुरुस्ती तू कर. त्यानं पूर्ण उत्तर दिलंच तर ते तपासल्याशिवाय मानू नकोस. पक्ष्यांचं सातवं उत्तर त्यानं आत्मविश्वासानं पुढं केलं, तर ते चूक आहे हे कळण्यासाठी ३क + ४ख + ५ग = ५० तुझ्या वहीत असलं पाहिजे. काय शिकू असं विचारलंस ना, ते हे: आलेलं उत्तर खरं की खोटं ते ठरवणं.

कोडी संपतील अशी भीती नको. प्रोजेक्ट ऑयलर ही वेबसाइट २००१ पासून आहे, तिथं नऊशेहून अधिक प्रश्न आहेत आणि सगळं फुकट आहे. प्रश्न इंग्रजीत असले तरी छोटे असतात. पहिला प्रश्न म्हणजे १००० पेक्षा लहान अशा, ३ किंवा ५ नं भाग जाणाऱ्या संख्यांची बेरीज. आधी १० च्या आतल्या संख्यांची हातानं कर: ३, ५, ६ आणि ९, बेरीज २३. मग लूपनं १००० च्या आतल्यांची कर. मग अंकगणिती श्रेढीच्या सूत्रानं लूपशिवाय कर. १५ नं भाग जाणाऱ्या संख्या दोनदा मोजल्या जातात, त्या एकदा वजा करायला विसरू नकोस. तिथले प्रश्न असे रचलेत की नीट विचार केला तर साध्या संगणकावरही मिनिटाच्या आत उत्तर यावं. तुझ्या प्रोग्रॅमला त्याहून जास्त वेळ लागायला लागला की वही उघडायची वेळ झाली असं समज. पहिले पंचवीस प्रश्न या वर्षात झाले तरी मी खूश होईन. मराठीत वाचायचं असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन गणिताच्या कपाटापाशी एक दुपार घालव. १८५० सालापासूनचं ग्रंथालय आहे, आणि तुझ्या वयाची मुलं तिथं दिसली की मला फार बरं वाटतं.

परीक्षा जवळ आली की हे सगळं आठवड्यातून एका संध्याकाळवर आण, पण पूर्ण बंद करू नकोस. एरवी रोज अर्धा-पाऊण तास पुरे. एका कोड्यावर तीन दिवस अडकलीस तरी चालेल. चौथ्या दिवशी दुसरं घे आणि पहिल्याच्या पानावर कुठं अडलं ते एका ओळीत लिहून ठेव.

राहिला फीचा प्रश्न. आत्ता भरू नका असं वडिलांना माझ्या वतीनं सांग. पायथॉन गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी खुलं केलं, तेव्हापासून ते फुकट आहे आणि शिकायचं बरंचसं साहित्यही फुकट आहे. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये रिकाम्या तासाला बसू द्या म्हणून विभागप्रमुखांना विचार. मुलगी स्वतःहून मागतेय म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. क्लासमध्ये जेवढं शिकलीस तेवढ्यावर अजून सहा महिने तरी आरामात काम होईल. तोवर डेटाकडं जायचंय, वेबसाइटकडं जायचंय की पुढं एम.एस्सी. करायचंय ते तुला आपोआप कळेल. मग त्या एकाच विषयाचा कोर्स बघ, आधीच्या मुलांना भेटून चौकशी कर, आणि एखादा तास फुकट बसू देतात का ते विचारून मगच पैसे भर.